लॉकरवरची चिकटपट्टी

सर्जरी शिकणाऱ्या कायमच्या डॉक्टरांच्या लॉकरवर पितळी पाट्या होत्या. एका वर्षापुरत्या आलेल्या डेल्फीनच्या मात्र पेनानं नाव लिहिलेली चिकटपट्टी. जूनअखेर वर्ष संपलं की तिनं जायचं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “काय पाहुणीबाई, सामान बांधलं का?” मुख्य सर्जन व्हिटकॉम्ब रोज चिडवायचे. आज ऑपरेशनआधी लॉकरपाशी ते म्हणाले, “कायमच्यांतला एक पोरगा सोडून गेलाय. त्याची जागा तुझी. पाटीही देतो.” याच वाक्यासाठी ती नाताळापर्यंत झुरली होती; मग तिचं मन दुसरीकडे वळलं होतं. तिनं चिकटपट्टी अलगद सोलली. “सर, टाके घालतानाही माझं लक्ष पेशंटच्या श्वासाकडेच असायचं. सकाळीच निवडीचा निकाल लागला. इथल्याच भूल विभागात कायमची जागा मिळाली.” “म्हणजे ऑपरेशनच्या पडद्यापलीकडे, पेशंटच्या उशाशी उभी राहणार?” “हो. आणि मी ‘चालू द्या’ म्हटल्याशिवाय तुम्ही सुरी टेकवायची नाही.” व्हिटकॉम्ब हसले. “मग डॉक्टरबाई, सुरू करू का?”