नवा जॉइंट

“माझे हात नाही थरथरत, स्टिअरिंग थरथरतंय,” टॅक्सी चालवणारे बाबा कधीपासून घोकत होते. मेकॅनिक मुलीलाही ते खरं ठरायला हवं होतं, नाहीतर बाबांना टॅक्सी सोडावी लागणार होती. गाडीखाली आडवी होऊन तिने स्टिअरिंगच्या दांड्याचा जॉइंट मुठीत धरला. “हलवा थोडं.” खट्! जॉइंट साफ झिजलेला होता. “बघ! सगळे मलाच म्हातारा ठरवायला निघालेत,” बाबा वरून गरजले. तिलाही हसू फुटलं. तिने नवा जॉइंट बसवला, बोल्ट आवळले, पुन्हा हलवायला लावलं. खटखट पार गेली होती. “आता स्टिअरिंग नुसतं धरून ठेवा, अजिबात हलवू नका.” इंजिन बंद होतं. बाबांनी श्वाससुद्धा रोखला. तरी तिच्या मुठीतला नवाकोरा जॉइंट बारीक थरथरत राहिला. “थांबली ना थरथर?” “थांबा बाबा, अजून बघतेय,” ती म्हणाली. बघायचं काहीच उरलं नव्हतं.