पहिल्या दिवशी चार काटक्या

चुलीच्या अंगातून धूर निघायला लागला, तशी विदोसावाने खिडक्या सताड उघडल्या आणि कोट चढवून पुन्हा चुलीपुढे येऊन बसली. बाहेर कुंपणावर दहिवर पडलं होतं.

चूल नवीकोरी. बिडाची, काळी कुळकुळीत, दाराला काच. जन्मभर तिने चुलीच्या तोंडात लाकडं कोंबली होती, पण दार लावल्यावर आत काय चालतं ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. आलुबुखाराच्या काटक्यांवर ज्वाळा चढत होती, मध्येच निळी होऊन लपत होती.

धाडकन दार उघडलं. शेजारच्या घरातली थोरली जाऊ, क्रस्तिना, भरलेली बादली घेऊन आत घुसली. तीन वर्षं दोघींचा अबोला होता.

"सरक बाजूला!"

"पाणी नको! तडकेल ती!" विदोसावा चुलीपुढे आडवी झाली.

"घर पेटलंय आणि ही बया चूल वाचवतेय!"

"काही पेटलेलं नाही. नवी चूल पहिल्यांदा तापली की रंग भाजतो. चूल बसवताना रांको सांगून गेलाय मला."

बादली हिंदकळली. क्रस्तिनाचे मोजे चिंब झाले. बाई जोडे न घालताच धावली होती.

"काडी लावण्यात तू पहिल्यापासूनच पटाईत," ती धापा टाकत म्हणाली.

"आणि तेल ओतण्यात तू."

विदोसावाने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, छोटा पेला भरून हातात दिला. क्रस्तिनाने तो एका घोटात रिकामा केला, ओले पाय चुलीकडे केले आणि मग तिचं लक्ष काचेकडे गेलं.

"अगं, हे आतलं दिसतं?"

"दिसतं की."

क्रस्तिना वाकली. "ती बघ, ज्वाळा खाली वळली! मला वाटायचं, आग नुसती वरच जाते." बराच वेळ ती बघत राहिली. "घाल की एक ओंडका. एवढ्याने काय ऊब येणार?"

"आज नाही. एकदम तापवली तर तडे जातात. आज चार काटक्या. गार होऊ द्यायची. उद्या जरा जास्त."

निखारे विझत आले, तशी क्रस्तिना उठली. दारात थबकली.

"उद्या कधी पेटवणारेस?"

"दिसेलच की तुझ्या खिडकीतून."

"छे," क्रस्तिना म्हणाली. "माझ्याकडून नुसता धूर दिसतो."