चेअरमनची साक्ष

"साहेब, आमच्या भागातली माणसं या डॉक्टरांना अंगाला हात लावू देत न्हाईत. कुणीच न्हाई. दवाखाना ओस पडला असता, म्हणून काढलं नोकरीवरून. आमचा काय गुन्हा?"

परभणीच्या कोर्टात व्यंकटराव छाती काढून बोलत होते. तालुक्याच्या ट्रस्ट दवाखान्याचे चेअरमन ते. मागच्या बाकांवर सोयरे, भावकी, सगळा गोतावळा येऊन बसलेला. समोर डॉक्टर भुजंग खंदारे, पूर्ण्याच्या भीमनगरातून शिकून सर्जन झालेला. नामांतराची दंगल पेटली त्याच महिन्यात त्याला काढलं, आणि त्यानं दवाखान्यावर दावा ठोकला.

जज्जांनी व्यंकटरावांना खुर्ची द्यायला सांगितली.

"नको साहेब, उभाच बरा हाय."

भुजंगच्या लगेच ध्यानात आलं.

दुपारची सुट्टी झाली. भुजंग बाहेर नळावर हात धूत होता, तर व्यंकटराव इकडंतिकडं बघत जवळ आले.

"डॉक्टर, मूळव्याध पुन्हा उठलीय. लय ठणकायलंय. बसता येईना का निजता येईना."

"माझ्या जागी नवा डॉक्टर ठेवलाय की."

"त्याच्या हाताचा भरोसा न्हाई. तुमीच बघा. मागच्यावानी."

मागच्यावानी! काय तोंड म्हणायचं का काय! दंगलीच्या आदल्या वर्षी भुजंगनंच यांचं ऑपरेशन केलं होतं. बोभाटा नको म्हणून हे त्याच्याच क्वार्टरमध्ये पडून राहिले, त्याच्या बायकोच्या हातची पेज ओरपली, आणि निघताना डोक्याचा गोटा करून घेतला. गावात सांगितलं, तिरुपतीला गेलो होतो. लाडूसुद्धा वाटले.

"तुमी कोर्टात बोलणार न्हाईत ना?"

"पेशंटची गोष्ट डॉक्टर फोडत नसतो. मेलो तरी बोलणार न्हाई."

व्यंकटरावांच्या जिवात जीव आला.

"पण चोरून हात लावायचे दिवस संपले," भुजंग म्हणाला. "आता तुमच्याच दवाखान्यात, दिवसा, सगळ्यांदेखत. त्यासाठी आधी मला तिथं नोकरीवर उभं राहता आलं पाहिजे. ते तुमच्या साक्षीवर हाय. न्हाईतर इलाजाला नांदेडची गाडी पकडा."

"माझी इज्जत जाईल हो!"

"माझी घालवताना विचारलं होतं का?"

नोकरी गेल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच भुजंगला डब्यातली भाकर गोड लागली.

कोर्ट पुन्हा बसलं. भुजंग आपले वकील दिनकरराव यांच्या कानाशी लागला, "सकाळचाच सवाल परत विचारा." दिनकररावांना काही उमगेना. तरी ते उठले.

"तुमच्या माणसांपैकी कुणीच डॉक्टर खंदाऱ्यांना अंगाला हात लावू दिला नाही?"

व्यंकटराव ह्या पायावरून त्या पायावर होत राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "दिला. मीच. ऑपरेशन केलं त्यांनी माझं. त्यांच्या घरी राहिलो, जेवलोबी."

"मग? काय झालं तुम्हाला?"

"बरं वाटलं, साहेब."

दिनकरराव खूश होऊन खाली बसायला लागले. भुजंगनं त्यांचा काळा कोट धरून वर ढकललं.

"बसू नका. परत विचारा. मागच्या बाकावर ऐकू गेलं न्हाई."