शेवटचा खो

नगरपालिकेनं आमच्या खो-खोच्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचा ठराव केला. आम्हाला कळलं अहमदपूरहून जेसीबी आल्यावर. माझ्या संघातल्या आठ पोरी खेळात बसतात तशाच ओळीत, एकीआड एक उलट्या तोंडानं, जेसीबीपुढं बसल्या. पालिकेचा साहेब मला म्हणाला, "सर, तुम्ही आमच्याच शाळेत नोकरी करता ना? उठवा पोरींना, न्हाईतर उद्या निलंबन." मी ओरडलो, "उठा गं!" एकही हलेना. टोकाची सदफ मान न वळवता म्हणाली, "खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाई सर, तुम्हीच शिकवलंय." ठरावाला हात वर करणारा एकही नगरसेवक तिथं नव्हता. मी वाकलो, तिच्या पाठीवर तळवा टेकवला आणि म्हणालो, "खो." सदफ सवयीनं ताडकन उठली, जीव खाऊन पळाली आणि चार पावलांवर थबकली. पकडायला समोर कुणीच नव्हतं. मग तिनं वळून माझ्याकडं बघितलं.