एक नकार पुरे

“नाही,” वेन्डेल संगणकाच्या पडद्यावरून म्हणाला. “मागच्या वेळीही नाही म्हणालो होतो. तेव्हापासून काय बदललं?”

“मुलगा बदलला,” हेस्टर म्हणाली. “तेव्हा त्याला अधूनमधून झटके यायचे. आता घरच्यांनी मोजायचं सोडून दिलंय.”

वेन्डेल मेरीलँडमध्ये बसला होता, हेस्टर पोलग्लेझ केंब्रिजबाहेरच्या एका संस्थेत. दोघांचं काम एकच होतं. जनुकातला नेमका कोणता भाग वाचून शरीर प्रथिन बनवतं, तेवढ्याच भागाला खुणा करायच्या. त्या खुणा सगळ्या जगासाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये जात आणि इस्पितळं त्यावरून रोग्यांच्या तपासण्या करत. इकडचे आणि तिकडचे लोक वेगवेगळे बसून वाचत. दोघांच्या खुणा अक्षर न् अक्षर जुळल्या तरच नोंद पक्की होई. एका बाजूनं नकार दिला की नोंद बाहेर. भांडण मिटेपर्यंत बाहेरच.

हे भांडण दोन वर्षं मिटलं नव्हतं. एका जनुकाच्या सुरुवातीला एक लहानसा तुकडा होता. हेस्टर म्हणे, शरीर तो वाचतं. वेन्डेल म्हणे, ती नुसती मोकळी जागा आहे. नॉरिचच्या इस्पितळात येणाऱ्या रोवन नावाच्या तीन वर्षांच्या मुलाचं नेमकं त्याच तुकड्यातलं एक अक्षर बदललेलं होतं. तुकडा डेटाबेसमध्ये नव्हता, म्हणून तो बदल तपासणीत कुणी धरतच नव्हतं. आज संध्याकाळी नोंदी बंद होणार होत्या. पुढची फेरी वर्षानं.

“तू त्या पोराला पाहिलं नाहीस,” हेस्टर म्हणाली. “मी पाहिलंय. त्याची आई त्याला घरातसुद्धा हेल्मेट घालून ठेवते, पडला तर डोकं फुटू नये म्हणून. तुझं काय जातंय? कॉफी पीत ‘नाही, नाही’ करत बसायचं.”

“कॉफी केव्हाच संपली,” वेन्डेल म्हणाला. “आणि पोराला पाहून जनुक वाचायचं नसतं. पुरावा पाहून वाचायचं असतं.”

“पुरावा आहे ना. मेंदूच्या एका नमुन्यात तो तुकडा वाचला गेलेला सापडलाय. उंदराच्या जनुकातही तस्साच वाचला जातो. आता उंदीरही खोटं बोलतो का?”

शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी डेस्मंडनं बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला. “एखादं खा. उपाशीपोटी अमेरिकेशी भांडू नये.”

तिनं डबा ढकलून दिला. झाकण खाली पडलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं.

“तू शास्त्रज्ञ नाहीस, वेन्डेल,” ती म्हणाली. “फाटकावरचा रखवालदार आहेस. बाहेर कोण मरतंय याच्याशी तुला काही घेणं नाही.”

वेन्डेलनं चष्मा काढून डोळे चोळले.

“थकलो मी, हेस्टर. एकट्या मेंदूच्या नमुन्यावर मी कधीच मानलं नसतं. पण उंदीर आहे म्हणतेस. ठीक. तुझ्या उंदरावर विश्वास ठेवतो. माझा नकार मागे घेतला.”

पडदा काळा झाला. हेस्टरनं लगेच नॉरिचला रोवनच्या डॉक्टर प्रिचर्डबाईंना फोन लावला आणि होकार आल्याचं सांगितलं. तिचा राग मात्र उतरला नव्हता. हेच त्यानं दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर?

एक काम उरलं होतं. जो नोंद मांडतो, त्यानं ती पक्की करण्याआधी प्रत्येक पुरावा मुळापासून उघडून पाहायचा, अशी रीत होती. घाईत सगळे वरचं नाव वाचून पुढे जात. हेस्टरही जात असे. आज ती एकेक पुरावा रागानं उघडत होती. उद्या वेन्डेलला तोंड उघडायला फटसुद्धा राहता कामा नये.

मेंदूचा नमुना जसा होता तसाच होता. तिनं उंदराची नोंद उघडली. उंदराचा तो तुकडा कुणी प्रयोगशाळेत पाहिलेला नव्हता. संगणकानं माणसाच्या जनुकावरच्या कच्च्या खुणा घेऊन त्या उंदराच्या जनुकावर उतरवल्या होत्या. तिनं आणखी खाली पाहिलं. कच्च्या खुणा तिच्याच होत्या. भांडण सुरू होण्याआधीच्या, अंदाजानं करून ठेवलेल्या. तिचाच अंदाज उंदरात जाऊन पुरावा होऊन परत आला होता, आणि इतके दिवस ती तो वेन्डेलच्या तोंडावर मारत होती.

डेस्मंड तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्यानंही वाचलं.

“वेन्डेलचा होकार आलाय,” तो हळूच म्हणाला. “आता हे दुसरं कुणी उघडणार नाही. शिवाय तुकडा खराही असेल.”

“असेल,” हेस्टर म्हणाली. “आणि नसला तर? उद्या त्या पोराच्या आजाराला नाव मिळेल. नाव मिळालं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील आणि खरं कारण शोधायचं थांबतील.”

“आणि त्याच्या आईला काय सांगणार?”

तिनं नोंदीपुढच्या चौकटीत खूण केली, कारण लिहिलं, आणि पाठवून दिलं.

नोंदी बंद व्हायच्या सुमाराला फोन वाजला.

“रोवनची नोंद पुन्हा नाकारलीय,” प्रिचर्डबाईंचा आवाज संतापानं कापत होता. “दुपारी तुम्ही होकार आला म्हणालात. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती इथे माझ्यासमोर बसलीय. ज्यानं नाकारली त्या माणसाशी तिला बोलायचंय. नाव द्या त्याचं, नंबर द्या. ती त्याला काय सुनावते ते ऐकायला मीही थांबणार आहे.”

हेस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिच्याकडे द्या फोन, डॉक्टर,” ती म्हणाली. “नकार माझा आहे.”