खालची फळी

दाराच्या खालच्या फळीला चार भेगा होत्या आणि मूठ जाईल एवढं एक भोक. वरची बिजागरी तीन स्क्रूंवर लटकत होती. चौथा स्क्रू खुर्चीखाली सापडला. सगळ्या लाथा आतून बसलेल्या. सुतार गुडघ्यांवर हात टेकून उठला तो करवादतच.

"ताई, ही तिसरी फळी! तीन महिन्यांत तिसरी!"

ताई हे केंद्र चालवायच्या. वयात येणाऱ्या पोरापोरींना ज्या गोष्टी घरी बोलता येत नाहीत, त्या बोलायची ही जागा. दोनच खोल्या. बाहेर जुना सोफा, बुद्धिबळाचा पट आणि पुस्तकांची मांडणी. आत समुपदेशक बाई बसायच्या, आणि त्या खोलीला हे निळं दार. सगळा कारभार दर महिन्याला नेमानं देणाऱ्यांवर चालायचा. बरेचजण पैसे द्यायचे, दवाखान्यातली एक नर्स एक संध्याकाळ द्यायची, आणि सुतार महिन्यातला एक शनिवार द्यायचा, वर लागेल ते लाकूड.

त्याच्या लेखी दार म्हणजे एकदा बसवलं की वीस वर्षं विसरून जायची गोष्ट. त्यानं बसवलेली दारं शहरभर होती. एकही कुरकुरत नव्हतं. आणि इथं हे असं. सकाळी निघताना बायकोनं टोमणा हाणलाच होता, "घरचं कपाट वर्षभर लंगडतंय, आणि साहेब निघाले जगाची दारं बसवायला." त्यानं राग आणखीच चढला होता.

"आज शेवटचं," तो म्हणाला. "आणि आतून पत्रा ठोकून जातो. मग बघू कोण लाथ मारतंय."

"पत्रा नको, काका. कुणाचा तरी पाय मोडेल."

"मोडू दे की एकदा. अक्कल तरी ठिकाणावर येईल. कोण आहे हा पठ्ठ्या?"

"ते नाही सांगता येणार. आतलं बोलणं आतच राहतं."

"वा! फळी माझी, घाम माझा, आणि गुपित तुमचं!"

पैसे मोजून सुतार बोलावणं केंद्राला झेपणारं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दाराशिवाय त्या खोलीत कुणी तोंड उघडत नाही, हे एकट्या ताईंना ठाऊक होतं.

सुतारानं दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं. फुटकी फळी इतक्या जोरात उपटली की ढलपी सोफ्यापर्यंत उडाली. एरवी पोरं यायच्या आत त्याचं काम उरकायचं. आज वादातच अर्धी दुपार गेली होती. नवी फळी बसली, वर निळ्या रंगाचा हात फिरला, आणि तो पत्र्याला भोकं पाडत बसला.

मागे कुणीतरी येऊन थबकलं. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, एका खांद्यावर दप्तर. ती रिकाम्या चौकटीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दार काढून टाकलं?"

उत्तराची वाट न बघता ती माघारी वळली. तेव्हा सुताराला तिचा उजवा बूट दिसला. टोक सोललेलं, आणि त्यावर दाराचाच निळा रंग.

"म्हणजे तू होय ती! थांब, थांब. अगं, त्या दारानं तुझं काय घोडं मारलंय?"

"काका," ताई मधे पडू लागल्या.

"नाही, सांगू दे तिला. मला कळू तर दे, मी कशापायी राबतोय."

मुलगी थांबली. बुटाकडे बघतच एका दमात बोलली, "घरी मी एकदा दार आपटलं होतं. एकदाच. बाबांनी बिजागऱ्या काढून ते माळ्यावर टाकलं. दोन वर्षं झाली, माझ्या खोलीला दार नाही. इथलं मी मोडते, आणि ते परत येतं."

मुलीनं स्टुलांवरच्या दाराकडे पाहिलं, ओल्या रंगाकडे, सुताराच्या निळ्या बोटांकडे.

"हे तुम्ही करता?"

"मग काय आपोआप होतं?" सुतार खेकसला. पण आवाज हवा तसा चढला नाही. त्यानं पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. "ये इकडे. खालून धर. रंग लागेल हाताला, लागू दे."

तिनं खालून धरलं. त्यानं स्क्रू पिळले. दोनदा तो तिच्यावर ओरडला, एकदा ती त्याच्यावर. दार बसलं. समुपदेशक बाई आल्या, मुलीला घेऊन आत गेल्या, आणि कडी लागल्याचा आवाज आला.

सुतार हत्यारं आवरू लागला. पेटीत करवत गेली, रंधा गेला. आतून बोलण्याची कुजबुज येत होती, शब्द कळत नव्हते. मग दारावर आतून धाडकन लाथ बसली. पेटीच्या कडेवरची हातोडी खाली पडली.

टेबलामागून ताईंनी मान वर केली. त्या सुताराकडे बघत राहिल्या. सुतार दारापाशी जाऊन खाली बसला. ओल्या रंगात एक नवी भेग गेली होती. आतली कुजबुज थांबली नव्हती.

तो उठला. खिशातून टेप काढली, कानावरची पेन्सिल घेतली, आणि उरलेल्या लाकडावर पुढच्या महिन्याची फळी आखली: साठ सेंटिमीटर बाय पंचेचाळीस.