वरची तर्री

प्रीतीच्या स्कूटीवर मागे बसून वैदेही आली आणि दीपमाला आली ई-रिक्षानं. वाढदिवस प्रीतीचा. नंदनवनातल्या या सावजी भोजनालयात तो आजवर तिनं आणि दीपमालानं, दोघींनीच साजरा केलेला. यंदा टेबलाला वैदेहीसाठी तिसरी खुर्ची लावावी लागली. ती दीपमालानंच ओढून आणली, आणि आणली तीही डुगडुगणारी निवडून.

वैदेही पुण्याहून बदली होऊन लकडगंजच्या त्यांच्या ऑफिसात आलेली. आली काय, आणि प्रीतीच्या डब्यातली अर्धी पोळी तिची झाली काय. गाडीची मागची सीट तर आधीच गेली होती.

"काल फुटाळा तलावावर काय वारा होता ना गं, प्रीती!" वैदेही म्हणाली.

दीपमालानं तहान नसताना पाणी पिऊन घेतलं. "काल गेल्या होत्या तुम्ही?"

"अवं, एकदमच ठरलं," प्रीती म्हणाली. "तुले फोन करणारच होती मी."

करणारच होती. म्हणजे केला नाही. शनिवारची संध्याकाळ म्हणजे फुटाळा आणि फुटाळा म्हणजे आपण दोघी, असं दीपमाला धरून चालली होती. तिच्या जिवाचा जळून कोळसा झाला. वर पुन्हा हसून "बरं झालं" म्हणावं लागलं, ते वेगळंच.

हात धुवायचं निमित्त करून ती उठली. आत रुपरावकाका मटणाच्या वाट्या भरत होते. पातेल्यात वर तेलाचा लालभडक थर तरंगत होता.

"काका, त्या नव्या पोरीच्या वाटीत वरची तर्रीच टाका. भरपूर."

रुपरावकाकांनी मान वाकडी करून बाहेर पाहिलं. "पाहुनी दिसते. झेपन का तिले?"

"तिनंच सांगतलं."

खोटं बोलताना दीपमालाला जराही लाज वाटली नाही. आमटीत गूळ घालणारी माणसं ही. एका घासात नाकाडोळ्यांतून पाणी येईल, बाई उठून पळेल आणि मग उरलेलं जेवण दोघींचं, पहिल्यासारखं. या विचारानंच तिला भूक लागली.

वाट्या आल्या. वैदेहीनं भाकरीचा तुकडा बुडवून पहिला घास घेतला. तिचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. "मस्त आहे," म्हणाली आणि दुसरा घास घेतला. तिसऱ्याला तिला जोरात ठसका लागला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. प्रीती ताडकन उठली. तिनं वैदेहीची पाठ चोळली, आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले, काकांकडून गूळ मागवला आणि स्वतःच्या हातानं तिला भरवला.

"हट्टी आहेस वं तू! सोड ते. माह्या वाटीतलं खा."

वैदेही रडता रडता हसत होती. तिला पाहून प्रीतीलाही हसू आवरेना. दीपमाला इतकी वर्षं इथं हूं की चूं न करता जेवत आली होती. तिला कुणी कधी गूळ भरवला नव्हता.

तिनं वैदेहीची वाटी आपल्याकडे ओढली. "आन इकडे. वाया काहून घालवाचं?"

आणि वाटी सरळ तोंडाला लावली. घशापासून पोटापर्यंत आगीची रेघ उठली. कानशिलं तडतडली. डोळे भरले ते भरलेच, पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. समोर रुमाल होता, तरी तिनं ते पुसलं नाही. प्रीतीकडे तोंड करून ती तशीच बसून राहिली.

प्रीतीनं वर पाहिलं.

"हे पाह्य," ती वैदेहीला मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आमच्या दीपीले काहीच होत नाही." आणि गुळाचा दुसरा खडा तिनं वैदेहीच्या तोंडात घातला.